हातातली विद्या हाताबरोबरच जाळावी काय?

करी रोड स्टेशनाच्या पुलावर उभे राहिले म्हणजे एके काळी जिकडे नजर टाकावी तिकडे गिरणीचे धुराडे दिसे. आज तेथे काचेचे मनोरे उभे आहेत. गिरण्या गेल्या ह्याचे रडगाणे आम्ही येथे गाणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतील पुष्कळांस पुन्हा कधी कामावर जाता आले नाही, हे आमच्या वाचकांस घरच्या अनुभवानेच ठाऊक आहे. आम्हांस बोलावयाचे आहे ते निराळ्याच एका नुकसानीबद्दल, जिची नोंद कोणत्याही सरकारी कागदावर झालेली नाही.

गिरणीत कापड विणणारा हात होता, तसाच मागाचा मोडलेला दाता घडवून देणारा, शाफ्ट कातणारा, बेअरिंग खरडून बसविणारा हातही होता. वर्कशॉप खात्यातला हा फिटर, टर्नर किंवा लोहार सुटीच्या दिवशी आपल्या खोलीत, जिन्याखाली, नाहीतर गॅलरीच्या कोपऱ्यात एक वाईस आवळून बसे. (ही रविवारची सुटीसुद्धा कोणी दान दिलेली नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून ती मिळू लागली.) शेजाऱ्याच्या स्टोव्हचा पंप, हरवलेल्या किल्लीची जोडी, गावी न्यावयाचा विळा, गणपतीच्या हलत्या देखाव्याची चाके, ही सारी कामे त्या हातभर फळीवर होत. तो कोपरा म्हणजेच गरिबाचा कारखाना आणि गरिबाची शाळा होती.

जो फिटर संपाच्या वेळी तिशीत होता, तो आज सत्तरीच्या पुढे गेला. तो जातो, आणि तेराव्यानंतर घरचे लोक त्याची हत्यारे गोणीत भरून भंगारवाल्यास किलोच्या भावाने देतात. आमची तक्रार भंगारवाल्याबद्दल नाही. त्याच्याकडून ती हत्यारे चोरबाजारात जातात आणि एखाद्या गरजू पोराच्या हाती पुन्हा लागतात. आमची तक्रार अशी की, हत्यार निदान विकले तरी जाते. ते चालविण्याची अक्कल मात्र म्हाताऱ्याबरोबर सरणावर चढते.

कोणी म्हणेल, आता सारे यंत्राने होते, कानस घासून काय मिळणार? असे म्हणणाराच्या नळाचा आटा मरतो, तेव्हा पाच मिनिटांच्या कामासाठी तो दोन दिवस माणसाची वाट पाहतो. आणि ही विद्या मुळीच कालबाह्य झालेली नाही. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा अभ्यास आजही दोन वर्षांचा आहे, आणि तेथेही पोराच्या हाती प्रथम कानसच देतात.

कानस म्हणजे मागेपुढे घासावयाची वस्तू, असे नवख्यास वाटते. पण तिचे दाते पुढच्या अंगास कललेले असतात. ती पुढे जाताना कापते, मागे येताना कापत नाही. मागे ओढताना दाब दिला तर केवळ दाते बोथट होतात. नवी कानस आधी पितळेवर वापरावी आणि तिची पहिली धार उतरली म्हणजे लोखंडावर आणावी. उलट केले तर ती पुढे पितळेवरून नुसती घसरते. दात्यांत कीस अडकून कामावर ओरखडे पडू लागले, तर मुलाच्या पाटीचा खडू कानशीवर फिरवावा. हॅकसॉचे पाते लावताना दाते पुढे असावेत, आणि पातळ पत्रा कापताना बारीक दात्यांचे पाते घ्यावे. एका वेळी निदान तीन दाते पत्र्यावर टेकत नसतील, तर पाते अडकून दाते उडतात. आटे पाडताना टॅप अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे फिरवावा, म्हणजे कीस तुटतो आणि टॅप मोडत नाही. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्यास भोक पाडावयाचे ते ६.८ मिलिमीटरचे. ह्या साऱ्या गोष्टी चार ओळींत लिहिता आल्या. पण ज्यास कोणी सांगितल्या नाहीत, त्याने त्यांपायी किती पाती व किती टॅप मोडले असतील!

मापाचीही तीच कथा. आमचा जुना फिटर ‘दोन सूत’ म्हणतो, म्हणजे पाव इंच. देशात १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापे येऊ लागली, तरी विलायतेहून आलेल्या जुन्या यंत्रांचे आटे इंचाचेच राहिले. त्या व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आट्याचा ६० अंशांचा. एकाचा बोल्ट दुसऱ्यात एखाददुसरा फेरा बसल्यासारखा वाटतो, नातू पान्यावर जोर लावतो, आणि आटे मरतात. आजोबाच्या बोटांस हा फरक कळत असे. नातवास कोणी सांगितलेच नाही.

आता पाणी देण्याच्या कामाकडे वळू, कारण लपवाछपवी सर्वांत अधिक तेथेच आहे. छिन्नी तापवून पाण्यात बुडविताना पोराकडे पाठ फिरवून उभे राहणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. इंग्रजी पुस्तक सांगते, पोलाद चेरीसारखे लाल करावे. आमच्या वाचकाने चेरी पाहिली असेल ती केकवरची! शिवाय उन्हात दिसणारा रंग निराळा आणि अंधाऱ्या खोलीत दिसणारा निराळा. यास्तव डोळ्यावर विसंबू नये, लोहचुंबक घ्यावा. सुमारे ७७० अंशांस लोखंड चुंबकास ओढले जाईनासे होते. साध्या पोलादाची छिन्नी तेथून किंचित अधिक तापवावी आणि पाण्यात बुडवावी. अशी छिन्नी कठीण होते खरी, पण काचेसारखी तडकते. म्हणून तिचे टोक घासून चकचकीत करावे आणि मागच्या अंगाने हळूहळू पुन्हा तापवावे. सुमारे २२० अंशांस सुकल्या कडब्यासारखा फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० ला निळा. लोखंडावर रेघ मारण्याची सुई पिवळ्यावर, छिन्नी जांभळ्यावर आणि स्क्रू-ड्रायव्हर निळ्यावर थांबवून पुन्हा पाण्यात घालावा. झाले! पिढ्यान्‌पिढ्या पाठ फिरवून जपलेले गुपित ते हेच. ज्यांनी वेद लपविले त्यांस आपण दोष देतो, आणि आपण पाण्याचा रंग लपवितो! लोहाराची विद्या लोहाराच्या पोरापर्यंत, तांबटाची तांबटाच्या पोरापर्यंत, आणि पोरीपर्यंत कोणाचीच नाही, ही रीत आमच्याच घरातली आहे. तिचा दोष दुसऱ्या कोणाच्या दारात टाकता येत नाही.

परदेशातील कारागिराने काय केले ते पाहा. हेन्री मॉडस्ले हा कामगाराचा पोर, बाराव्या वर्षी वूलिच येथील लष्करी कारखान्यात काडतुसे भरीत होता. पुढे त्याच्या लंडनच्या कारखान्यात लोखंडाची पाटी बिनचूक सपाट करण्याकडे फार लक्ष दिले जाई. दोन पाट्या एकमेकींवर जुळविल्या तर एक फुगीर व दुसरी खोलगट होऊनही त्या नेमक्या बसतात. दोघींचे जुळले, तरी दोघी खोट्या. तिसरी पाटी आणली, आळीपाळीने व दिशा बदलून दोन-दोन जुळविल्या, रंग लावून उंचवटे पाहिले आणि ते खरडीत गेले, की तिन्ही एकमेकींस जुळतात त्या सपाट झाल्यावरच. महाग यंत्र नको. तीन पाट्या, रंग, खरडणी आणि धीर पुरे. मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने सपाट पाटी करण्याची रीत १८४० साली विद्वानांच्या सभेत वाचून दाखविली आणि पुढच्याच वर्षी आट्यांचे माप सर्वांसाठी ठरवून मांडले. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल ह्यांनी तर घरी लेथ चालविणारांसाठी लंडनात ‘मॉडेल इंजिनिअर’ हे पत्रच काढले. तेथील कारागीर आमच्या कारागिराहून शहाणा होता असे नव्हे. त्याने लिहून ठेवले, एवढाच फरक.

आमच्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्माने कारागीर जातीचे नव्हते. पण त्यांनी हात काळे करण्याची लाज धरली नाही, सायकली दुरुस्त केल्या, लोखंडी नांगर केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. ज्यांचे हात पिढीजात काळे, त्यांनीच आपली पोरे त्यापासून दूर ठेवून स्वच्छ सदऱ्याच्या बिनपगारी उमेदवारीस धाडावीत, हा कोठला न्याय?

आता जागेचा प्रश्न. डिलाईल रोडच्या बी. डी. डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीतही वाईसला कोपरा सापडत असे. त्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर देण्याची योजना आहे, आणि ते चांगलेच आहे; पण बाविसाव्या मजल्यावर ऐरण ठोकता येत नाही आणि ठोकूही नये. खालच्या माणसास झोप हवी. म्हणून आमचे म्हणणे असे की, जेथे जेथे चाळींच्या जागी इमारती उभ्या राहतात, तेथील रहिवाशांनी सोसायटीच्या कार्यालयाबरोबर तळमजल्यावर एक हत्यारांची खोलीही मागून घ्यावी. एक भक्कम बाक, दोन वाईस, एक उभे ड्रिल, अर्थिंग केलेली वीज, वाळूची बादली. व्यायामशाळेस जागा निघते, तर हिलाही निघेल. हत्यारांस फार पैसा लागत नाही. मशीद बंदरला उतरून नागदेवीत गेले की सारे मिळते, आणि आमच्या रत्नागिरीच्याच कारखान्यात बनलेल्या कानशी तेथे विकल्या गेल्या आहेत.

त्या खोलीत पोरांइतक्याच पोरीही याव्यात. ड्रिलवर काम करताना हातमोजे, ओढणी, सैल बाही चालणार नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. लेथच्या चकात चावी ठेवून कोणीही कळ दाबू नये. आणि जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड तापवू नये, त्याचा धूर बाधतो. ह्या गोष्टी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवाव्यात.

ती खोली होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरी जुना फिटर, टर्नर, लोहार, तांबट हयात आहे, त्यांनी येत्या रविवारी वही घेऊन त्याच्यापुढे बसावे आणि तो बोलेल तसे उतरून घेऊन आमच्याकडे पाठवावे. भाषा शुद्ध नसली तरी चालेल. ती आम्ही पाहून घेऊ. किती सूत, कोणता रंग, किती फेरे, तेवढे मात्र नीट विचारून लिहावे.