संशय एकीवर, सल्ला दुसरीला

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भोपघातकर भाव सांगताना नित्य मद्यपान करणाऱ्या गर्भिणीचा उल्लेख केला आहे. दोष मद्याचा सांगितला; तिची जात वा ऐपत तेथे विचारलेली नाही. अमेरिकेतील वैद्यकाचा या बाबतीतील अनुभव मात्र निराळा आहे व तो आपणही विचारात घ्यावा असा आहे.

१९८९ साली फ्लोरिडा राज्यातील पिनेलस परगण्यात सरकारी दवाखाने व खासगी प्रसूतितज्ज्ञ यांच्याकडे आलेल्या ७१५ गर्भिणींचे मूत्र तपासण्यात आले. डॉ. आयरा चॅस्नॉफ व सहकाऱ्यांनी पुढील वर्षी निष्कर्ष प्रसिद्ध केले. मद्य वा मादक द्रव्यांचा अंश गौरवर्णीय स्त्रियांत १५.४ टक्के, तर कृष्णवर्णीयांत १४.१ टक्के आढळला. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. परंतु व्यसनाची बाब शासनास कळविली जाण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय मातांत सुमारे दहापट होते. कायदा सर्वांना एकच होता. संशय कोणावर घ्यावयाचा, हे चिकित्सकाच्या नजरेने ठरविले.

दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे तर सरकारी रुग्णालयाने गर्भिणींच्या मूत्रतपासणीचे निष्कर्ष पोलिसांच्या हाती दिले. अटक झालेल्या ३० स्त्रियांपैकी २९ कृष्णवर्णीय होत्या. संमतीवाचून केलेली अशी तपासणी घटनाबाह्य असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. ज्या दारी उपचार मागावयाचा तेथेच बेडी पडू लागली, तर कोणती स्त्री खरे सांगेल?

जेथे संशय अधिक तेथे निदान मार्गदर्शन तरी अधिक असावे! तेही नाही. कृष्णवर्णीयांची वस्ती अधिक असलेल्या भागांतील प्रसूतिगृहांत जन्मताच स्तनपान सुरू करणे, माता व बालक एकत्र ठेवणे, अकारण वरचे दूध न देणे या गोष्टी कमी पाळल्या जातात, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१४ मध्ये नमूद केले. गुलामीच्या काळात ज्यांच्याकडून मालकाची मुले पाजवून घेतली, त्यांच्याच लेकींना स्वतःच्या बालकास पाजण्याविषयी पुरेसे सांगितले जाऊ नये, हे विलक्षणच.

आपल्याकडे वर्णभेदाचा हा प्रश्न त्या रूपात नाही. पण नजर आहेच. मशेरी लावतेस का, हा प्रश्न आपण नऊवारी नेसलेल्या मजूर स्त्रीस एकेरीत विचारतो. वकीलपत्नीस सिगारेट वा मद्याविषयी विचारण्यास जीभ रेटत नाही. मशेरीचा प्रश्न गंभीर आहे, यात शंका नाही. मुंबईतील गर्भिणींच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू, बहुतांशी मशेरी, वापरत होत्या व त्यांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. (दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ मध्ये बंदी झाली, पण तव्यावर भाजलेल्या मशेरीस ती कशी पोहोचणार?) तरीही विचारावयाचे तर सर्वांना विचारावे, त्याच शब्दांत आणि ‘अहो’ म्हणूनच.

मी केसपेपरवर तंबाखू, धूम्रपान व मद्य हे तीन प्रश्न छापून घेतले आहेत. प्रत्येक गर्भिणीस ते विचारले जातात. सासू वा पती यांना बाहेर बसवूनच. पहिल्याच महिन्यात एका सुशिक्षित रुग्णेने धूम्रपानाची कबुली दिली. तिला मी अनेक वर्षे ओळखत होतो आणि कधीही विचारले नव्हते.

तंबाखू सुटली नाही म्हणून स्तनपान तोडावयास मात्र सांगू नये. ती सोडविण्याचा प्रयत्न चालू ठेवून पाजणे चालूच राहावे, कारण स्तन्याचा लाभ गमावणे बालकास अधिक महाग पडते. औषधी विक्रेत्या बंधूंकडे शतावरी कल्प मागावयास येणाऱ्या सूतिकेलाही हे सांगता येईल. फक्त दुकानातील चार गिऱ्हाइकांसमोर नव्हे.