थरथरणारे इंजिन आणि अन्वय-व्यतिरेक

मराठीच्या वर्गात भारतीय साहित्यशास्त्र शिकविताना मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'तील दोषविचारापाशी आपण येतोच. मुख्य अर्थाला जे बाधा आणते तो दोष, ही मम्मटाची भूमिका. एखादा दोष, गुण किंवा अलंकार शब्दाचा की अर्थाचा, हे ठरविताना तो अन्वय-व्यतिरेकाचा आधार घेतो. एक असताना दुसरे असणे हा अन्वय. एक नसताना दुसरे नसणे हा व्यतिरेक. (शाळेत पाठ केलेला व्यतिरेक अलंकार तो हा नव्हे.) शब्द काढून त्या जागी पर्यायी शब्द ठेवावा, चमत्कार नाहीसा झाला तर तो शब्दाचा, टिकला तर अर्थाचा. पतंजलीने महाभाष्यात प्रकृती आणि प्रत्यय यांचे अर्थ वेगळे काढले तेही याच रीतीने. आमची तक्रार अशी, की ही रीत आपण माहिती म्हणून शिकवितो, वापरीत मात्र नाही. ती रोज वापरली जाताना पाहायची असेल तर ट्रकच्या गॅरेजात जावे लागते. हे विधान केवळ चमत्कृतीसाठी केलेले नाही, म्हणून थोडा तपशील देणे भाग आहे.

धाराशिव जिल्ह्यातून दोन मोठे रस्ते जातात. सोलापूर-हैदराबाद रस्ता नळदुर्ग आणि उमरग्यावरून, तर सोलापूर-धुळे रस्ता तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून. अशा रस्त्यांच्या कडेच्या गॅरेजांत जुने ट्रक एक ठरावीक दुखणे घेऊन येतात. धावताना गाडी बरी असते, उभी राहिली की थरथरते. चालक एवढेच सांगतो, 'गाडी मिस मारते.' गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर नंबर लावून तासन्‌तास थोडेथोडे सरकणाऱ्या उसाच्या गाडीला हे दुखणे विशेष जाचते. इंजिन बंद पडले की मागची सगळी रांग खोळंबते.

दोष उभ्या गाडीतच का जाणवतो? टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार करून ट्रक बांधायला घेतले. त्या परंपरेतले ६९७ हे इंजिन घेऊ. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणून ६९७. उभ्या गाडीत इंजिनाचे मिनिटाला सहाशे फेरे धरले, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पाच वेळा पेटतो. सहांपैकी एक थंड पडला तर सेकंदाला पाच खड्डे पडतात आणि ते सबंध गाडीला जाणवतात. वेग वाढला की खड्डे इतके जवळ येतात की जड फ्लायव्हील त्यांना गिळून टाकते. वेग दोष झाकतो, संथपणा तो उघडा करतो. वाचनाच्या बाबतीत यापेक्षा वेगळे काय घडते?

चांगला मिस्त्री लगेच पाना उचलीत नाही. तो आधी विचारतो. थरथर थंड इंजिनात जास्त की गरम झाल्यावर? हळूहळू वाढली की डिझेल भरल्यावर एकाएकी सुरू झाली? मग तो धूर पाहतो. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळसर असेल तर तेल जळते आहे, पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. डिझेलचा फिल्टर तुंबला आहे का, लाईनने एअर घेतली आहे का, हे तो हातपंप मारून, बुडबुडे पाहून ठरवितो. स्वस्त शंका आधी, महाग शंका नंतर, असा हा क्रम आहे.

यानंतर येतो व्यतिरेक. इंजिन चालू ठेवून पहिल्या सिलिंडरच्या नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट तो किंचित सैल करतो. डिझेल बाहेर झिरपू लागते, तो सिलिंडर बंद पडतो. इंजिनाचा आवाज खाली आला तर सिलिंडर काम करीत होता. नट आवळून तो दुसऱ्याकडे वळतो, मग तिसऱ्याकडे. ज्याला बंद केल्याने आवाजात काहीच फरक पडत नाही, तो दोषी. सहाही ठिकाणी सारखाच फरक पडला तर दोष एकाचा नाही; मग इंजिनाखालची रबरे आणि पंपाचा गव्हर्नर पाहायचा.

आणि मग अन्वय. दोषी सिलिंडर सापडला तरी दोष नोझलचा की सिलिंडरचा, हे ठरलेले नसते. मिस्त्री ते नोझल काढून दुसऱ्या सिलिंडरला लावतो आणि त्याचे याला. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल खराब; जागीच राहिला तर टॅपेटचे अंतर, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन किंवा पंपाकडे जायचे. मम्मटाची पर्यायी शब्दाची परीक्षा याहून निराळी नाही. (एक सावधगिरी: ही नट सैल करण्याची युक्ती जुन्या पंपाच्या गाडीतच चालते. नव्या कॉमन रेल गाडीत डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडी भेदून आत शिरू शकते.)

वाईट मिस्त्रीही असतातच. ते अंदाजाने आधी सगळी नोझल बदलतात, मग पंप उतरवितात. मालकाचा खिसा रिकामा होतो आणि थरथर तशीच राहते. आपली बरीचशी समीक्षा या दुसऱ्या पंथाची आहे. कविता 'विस्कळीत' आहे, कादंबरी 'पसरट' आहे, असा शेरा मारून आपण मोकळे होतो. नेमके कोणते कडवे, कोणते प्रकरण काढले असता काही बिघडत नाही, हे दाखविण्याची जबाबदारी घेत नाही. 'गाडी मिस मारते' एवढे तर चालकही सांगतो. समीक्षकाचे काम त्यापुढे सुरू होते.

या परीक्षेचा उपयोग केवळ दोष काढण्यापुरता नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा त्यातील शब्द अनेकांना खुपले. त्या शब्दांच्या जागी सभ्य पर्याय ठेवून कविता मोठ्याने वाचून पाहावी. आवाज खाली येतो. म्हणजे जे शब्द खडबड वाटत होते तेच पेटत होते. खडबडीत असणे आणि निकामी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक अभिरुचीच्या भरवशावर कळत नाही, काढून पाहिल्यावर कळतो.

यावर आक्षेप येईल की इंजिनाने कसे चालावे हे ठरलेले असते, कवितेने कसे चालावे हे नसते. आक्षेप योग्य आहे. म्हणूनच समीक्षकाने आधी ही कृती काय करू पाहते ते सांगितले पाहिजे, मगच तिचा एकेक भाग तपासला पाहिजे. मम्मटानेही मुख्य अर्थ गृहीत धरूनच दोष सांगितला. आक्षेपामुळे परीक्षा रद्द होत नाही, तिच्यावरची जबाबदारी वाढते.

ही रीत जपण्याचे आणखी एक कारण आहे. एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या. त्यांचे दुखणे स्कॅनर वाचतो. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण २०२१ साली जाहीर झाले. जुने ट्रक जातील, त्यांनी धूर ओकत राहावे असे आमचे म्हणणे नाही. पण कान देऊन दोष शोधण्याची ही विद्या, तिचे मिस मारणे, एअर घेणे, रेस न घेणे हे शब्द, तिचा शंकांचा क्रम, यांतले फारच थोडे मराठीत लिहिले गेले आहे. उमरगा-तुळजापूरच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी पुन्हा एकदा ग्रामीण कादंबरीतील निसर्गचित्रण निवडण्याऐवजी जवळच्या गॅरेजात आठवडाभर बसून हे टिपून आणावे. भाषेचा अभ्यास होईलच, अन्वय-व्यतिरेकही प्रश्नपत्रिकेबाहेर समजेल.

स्कॅनरने तिसरा सिलिंडर पेटत नाही असे सांगितले तरी तो का पेटत नाही हे शोधायचे उरतेच. आपल्या हाती आलेल्या वास्तववाद, देशीवाद, आधुनिकता या संज्ञांचेही तसेच आहे. त्या आकडा दाखवितात. नट सैल करून कान द्यावा लागतो तो वाचकालाच.