एक्स-रेवर टीबीचा शिक्का

खोकल्यातून रक्त पडलं, एक्स-रेत डाग दिसला, की झाली टीबीची औषधं सुरू! थुंकी तपासायची तसदीसुद्धा काही डॉक्टर घेत नाहीत. आपल्याकडे टीबी भरपूर आहे, संशय रास्तच. पण संशय घेणं वेगळं आणि शिक्का मारणं वेगळं.

व्हॅस्क्युलायटिसचा एक प्रकार अगदी असाच दिसतो. ताप, वजन उतरणं, खोकल्यातून रक्त, फुफ्फुसात पोकळी. जंतू मात्र नसतो. आपल्याच पांढऱ्या पेशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर तुटून पडतात. भिंती सुजतात, फुटतात, रक्त झिरपतं. किडनीतल्या गाळण्या म्हणजे अशाच वाहिन्यांचे गुंते. त्या काही आठवड्यांत निकामी होऊ शकतात, तेही कुठे न दुखता. आणि इकडे पेशंटला सांगायचं, सहा महिने गोळ्या घ्या, धीर धरा. कसला धीर? गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत, मग डायलिसिस.

लघवीत रक्त किंवा प्रोटीन जातंय का, हे गल्लीतल्या लॅबमध्येही कळतं. थुंकीची सीबीनॅट सरकारी दवाखान्यात मोफत होते. थुंकीत टीबी सापडत नाही आणि लघवीत रक्त आहे, तर क्रिएटिनिन आणि अँका तपासायलाच हवं. यावर उपचार आहेत: स्टेरॉइड, सोबत सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब. (उलट खरा टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर तोही घातच. म्हणून तर आधी तपासा म्हणतोय.)

घरात कुणाला टीबी सांगितला असेल, तर थुंकीचा आणि लघवीचा रिपोर्ट मागा. डॉक्टर चिडले तर चिडू देत.