स्वहस्ते स्वस्तुती

समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगताना आपली स्तुती आपणच करणाऱ्याला अगदी मानाने पाटावर बसवले आहे. अमेरिकेत त्याला संशोधनाचे अनुदान देतात. अर्थात स्तुती ठरल्या नमुन्यात बसवली तरच!

माझा भाचा तिकडे उंदरांच्या मेंदूवर संशोधन करतो. संशोधनाला पैसे हवेत, पैशांना अर्ज हवा आणि अर्जाला 'बायोस्केच' हवे. मला वाटले, कुणी चित्रकार येत असेल. छे! आपले चित्र आपणच काढायचे, आणि तेही देखणे. एनआयएच या तिथल्या मोठ्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने 2015 साली या नमुन्यात 'विज्ञानाला माझे योगदान' असा भाग घातला. योगदाने जास्तीत जास्त पाच. भाचा तिसऱ्यावरच अडून बसला होता.

"अरे, तीनच असतील तर तीनच लिही."

"मामा, तुला नाही कळायचं. बाकीचे सगळे पाच लिहितात."

आता हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. नुसत्या निबंधांची मोजदाद करण्यापेक्षा माणसाने केले काय ते कळावे, हे ठीकच. पण ते त्यालाच विचारायचे? मुलीकडच्यांनी मुलाच्या स्वभावाची चौकशी मुलाकडेच करावी, तसे झाले हे! शिवाय व्याकरण बिघडते ते वेगळेच. 'आम्ही केले'चे बघता बघता 'मी केले' होते. रात्री दोन वाजता उंदरांना खायला घालणारी विद्यार्थिनी 'माझ्या नेतृत्वाखाली' या दोन शब्दांखाली गडप होते. हा मुलगा घरी खोटे बोलत नसे हो!

आणि एवढे करून कळते काय? चरित्र मागे बघते, संशोधन पुढे. कातालिन कारिको या बाईंनी एमआरएनएसाठी अर्जामागून अर्ज केले, पदरात नकार. 1995 साली विद्यापीठाने त्यांना पदावरून खाली उतरवले. पुढे त्याच कामातून कोविडच्या लशी निघाल्या आणि 2023 साली बाईंना नोबेल मिळाले. 1995 साली त्यांनी 'योगदान' म्हणून काय लिहायचे होते? 'थांबा, पंचवीस वर्षांनी सांगते' असे?

त्यापेक्षा अर्ज तपासणाऱ्यांनी माणसाचे दोन निबंध चहा घेत स्वस्थपणे वाचावेत. आणि नमुन्यात रकाना हवाच असेल तर 'माझे फसलेले प्रयोग' असा ठेवावा. पाचाची मर्यादा मात्र काढावी लागेल.