बीमला जरा आखडू द्या की!

"दोन्ही टोकं वेल्ड करून टाका साहेब, म्हणजे हलायचं नाव नको!" प्रीकास्टच्या साइटवर हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी त्यावर लिहायला बसलो. माझं मत नेमकं उलटं आहे. असे बीम बऱ्याचदा तडकतात ते हलू न दिल्यामुळेच.

नातेवाईक मंडळींसाठी थोडं सोपं करून सांगतो. काँक्रीट घट्ट झाल्यावरही त्यातलं पाणी कित्येक वर्षं हळूहळू उडत राहतं आणि ते आकसतं. हे श्रिंकेज. दुसरा प्रकार क्रीप. पुस्तकांनी भरलेली लाकडी फळी ओझं न वाढवताही वर्षभरात आणखी वाकते ना, तसंच. प्रीस्ट्रेस्ड बीमला तर आतल्या ताणलेल्या तारा लांबीच्या दिशेनं सतत दाबत असतात, त्यामुळे क्रीपनं तो आणखी आखूड होतो.

आता हिशोब बघा. 20 मीटरचा बीम आहे आणि बसवल्यानंतर दर मीटरला 0.3 मिलिमीटर आकसायचा बाकी आहे. म्हणजे एकूण 6 मिलिमीटर फक्त. टोकाखाली निओप्रीनचा पॅड असेल तर तो हे सहज पोटात घालतो. पण दोन्ही टोकं पूर्ण जखडली तर कागदावर 9 मेगापास्कल ताण येतो, आणि काँक्रीटची ताण सोसायची ताकद असते साधारण 3! गंमत म्हणजे इथे क्रीपच मदतीला धावतो आणि ताण सैल करतो. समजा अर्ध्यावर आणला, तरी साडेचार उरले. खांब थोडे वाकतात म्हणून प्रत्यक्षात आकडा आणखी उतरतो, पण तडा जायला तेवढं पुरतं. तोही जातो नेमका बीम टेकतो त्या टोकाशी, जिथे सगळा भार उतरतो. मग पाणी, गंज, निखळणारा कोपरा...

"आणि भूकंपाचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. बीम आधारावरून घसरू नये म्हणून बांधायलाच हवा. पण एका टोकाला लांबट भोकं ठेवता येतात, किंवा पक्का जोड उशिरा करता येतो. बांधणं आणि आवळणं यात फरक आहे.

पुलांचंही तेच. प्रीकास्ट गर्डर खांबावर एकमेकांना जोडून अखंड करतात. गर्डर कोवळा असेल तर जोडल्यानंतरही क्रीपनं त्याची मधली कमान वर चढत राहते, टोकं फिरू बघतात आणि जोडाच्या खालच्या बाजूला तडे जातात. अमेरिकेत यावर बराच अभ्यास झाला आणि 2004 च्या एका अहवालानंतर तिथल्या पुलांच्या नियमांत सोपा मार्ग आला: जोडताना गर्डर किमान 90 दिवसांचा असेल तर या परिणामाचं गणित मांडायची गरज नाही. तोवर बरंचसं आकसणं उरकलेलं असतं.

हे 90 दिवस मात्र कुणालाच नको असतात. यार्डात पडून असलेला बीम म्हणजे अडकलेला पैसा, असा हिशोब. फ्रेसिनेसारख्या माणसालाही क्रीपनं हिसका दाखवला होता. फ्रान्समधल्या ल व्हर्द्र इथल्या त्याच्या पुलाच्या कमानी 1911 च्या सुमारास मधोमध खचू लागल्या, तेव्हा त्यानं जॅक लावून त्या उचलल्या. पुढे 1928 मध्ये प्रीस्ट्रेसिंगचं पेटंट घेणारा तो हाच. आपल्याला तर हे सगळं आयतं ठाऊक आहे!

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की थांबायचे दिवस वेळापत्रकात क्युरिंगसारखेच स्वतंत्र ओळीत लिहावेत, आणि ड्रॉइंगवर "हे टोक मोकळं" असं ठळक अक्षरात असावं. नाहीतर वेल्डर बिचारा जास्तीचं वेल्डिंग करून भलंच करतोय असं समजणार.

असो. तुमच्या कामात आहे का असं काही, जे घट्ट आवळलं की बिघडतं? जरूर लिहा.