घरातले जनित्र, खांबावरचा माणूस

आळंद म्हटले की गोव्यातील वाचकाला आधी इंद्रायणीकाठची आळंदी आठवते. हे आळंद ते नव्हे. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याचा हा तालुका महाराष्ट्रातील अक्कलकोट आणि उमरगा यांना खेटून आहे. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. हिरोळी, खजुरी अशा सीमेवरच्या गावांत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा चालतात. सीमेच्या एका अंगाला विजेच्या रोहित्राला ‘डीपी’ म्हणतात, दुसऱ्या अंगाला ‘टीसी’. वीज गेल्यावर मात्र दोन्हीकडचा अंधार सारखाच असतो, आणि त्या अंधारावर लोकांनी शोधलेला उपायही सारखाच आहे: पेट्रोलवर चालणारे, दोघांनी उचलून नेता येईल असे छोटे जनित्र.

या उपायातील धोका जनित्रात फारसा नाही. ते घराला ज्या रीतीने जोडले जाते त्या रीतीत आहे. आणि त्या जोडणीची विचारपूस करणारी कोणतीही यंत्रणा आळंदला नाही, तशी ती गोव्यातही नाही.

कलबुर्गी, बिदर, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी या पट्ट्याला वीज पुरवते ती ‘जेस्कॉम’, म्हणजे गुलबर्गा वीजपुरवठा कंपनी. २००२ मध्ये कर्नाटकाने वितरणाचे काम प्रादेशिक कंपन्यांकडे सोपवले तेव्हा ती अस्तित्वात आली. ‘निरंतर ज्योती’ योजनेत गावठाणाची वाहिनी आणि शेतीपंपांची वाहिनी वेगळी करण्यात आली, हेतू हा की पंपांची वीज तासांवर आली तरी घरातला दिवा जळत राहावा. गावठाणापुरते हे गणित बऱ्याच अंशी जमले. पण तुरीच्या या मुलखात अनेक कुटुंबे शेतावरच्या वस्तीत राहतात आणि त्यांचे घर पंपाच्याच वाहिनीवर असते. तेथे थ्री-फेज वीज ठरावीक तास, आणि उरलेल्या वेळात मिळालीच तर सिंगल फेज. २०२३ च्या दुष्काळात, राज्याच्या २३६ पैकी दोनशेहून अधिक तालुके दुष्काळी ठरले असताना, पंपांची वीज सातवरून पाच तासांवर आली होती. नोव्हेंबरात ती पुन्हा सात तास करण्यात आली. त्यापूर्वी ऑक्टोबरात सरकारने वीज कायद्याचे ११ वे कलम वापरून खासगी वीजनिर्मिती प्रकल्पांना राज्याच्या जाळ्यात वीज देण्यास भाग पाडले होते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये पाण्याने उलटी बाजू दाखवली. भीमेला मोठा पूर आला आणि कलबुर्गी जिल्ह्यात अतिवृष्टीने शेते खरवडून नेली. वळवाच्या वाऱ्यात वाकणारे खांब आणि तुटणाऱ्या तारा तर दर वर्षीच्याच.

गंमत अशी की याच घरांना ‘गृहज्योती’ योजनेत महिन्याला २०० युनिटपर्यंतची वीज फुकट आहे. वीज असते तेव्हा तिचे मोल शून्य. नसते तेव्हा जनित्राच्या एका युनिटला पन्नास रुपयांच्या आसपास खर्च येतो, कारण शंभरी ओलांडलेल्या एका लिटर पेट्रोलमधून छोटे जनित्र जेमतेम दोन युनिटे काढते. इतकी महाग वीज एका बल्बपुरती वापरणे कोणाच्याही जिवावर येते. मग सारे घरच जनित्रावर चालावे, असे वाटू लागते. अपघाताची सुरुवात या वाटण्यापासून होते.

जनित्र दुकानातून येते तेव्हा त्याच्या अंगावर एक-दोन सॉकेट असतात. त्यात वायर खुपसून फ्रिज किंवा पंखा थेट चालवावा, ही त्याची मूळ योजना. पण प्रत्येक खोलीत वायर ओढत नेण्यापेक्षा सोपी युक्ती गावोगाव माहीत आहे. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करायची, एक टोक जनित्रात आणि दुसरे घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्ये. सॉकेटमधून वीज बाहेर यायची ती आत शिरते आणि घरभर पसरते. दिवे लागतात, पंखे फिरतात, युक्ती फळाला येते. मात्र तिचे एक टोक चुकून निसटले तर उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट हातात येतात. हा घरातला धोका. दुसरा घराबाहेर आहे, आणि तो जनित्र लावणाऱ्याला दिसतही नाही.

मेन स्विच बंद केला नसेल तर ही वीज घरात थांबत नाही. ती मीटरमधून, सर्व्हिस वायरमधून खांबावर चढते आणि रोहित्रापर्यंत जाते. रोहित्राला दिशा कळत नाही. ११ हजार व्होल्टचे ४३३ करणारे यंत्र दुसऱ्या बाजूने वीज मिळताच तितक्याच इमानाने उलटे काम करते. जनित्राचे २३० व्होल्ट पलीकडच्या तारांत दहा हजारांच्या घरात जातात. लाइनमन ज्याला ‘रिटर्न करंट’ म्हणतात तो हाच. जी तार मेली आहे असे समजून एखादा माणूस वर चढलेला असतो, ती जिवंत झालेली असते.

यावर नेहमीचे उत्तर असते की एवढेसे जनित्र अख्ख्या गावाला वीज कुठून देणार, ते तर ओझ्यानेच बंद पडेल. हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. सारी वाहिनी अखंड असेल, शेजारपाजारचे चाळीस दिवे आणि पंप एकदम गळ्यात पडले, तर दोन केव्हीएचे जनित्र खरोखरच धापा टाकून थांबते. बहुतेक वेळा असेच घडते, आणि लोकांचा विश्वास त्यातून बळावतो. पण वादळात तार नेमकी कुठे तुटेल हे कोणी ठरवलेले नसते. ती दोन खांब पलीकडे तुटली, रोहित्राचे फ्यूज उडालेले असले, तुटक्या तुकड्यावर जनित्रवाल्याचे एकच घर उरले, तर ओझे असे काहीच राहत नाही. जनित्र सुखाने चालू राहते. आणि दुरुस्तीसाठी माणूस चढतो तो नेमक्या त्याच तुकड्यावर. वीज परत आली की आणखी एक प्रकार घडतो: कंपनीची वीज आणि जनित्राची वीज एकमेकींवर आदळतात, आणि जनित्राची गुंडाळी जळते. त्यात नुकसान पैशांचे आहे, म्हणून गावात चर्चा बहुधा त्याचीच होते.

खांबावर चढणाऱ्या माणसाला महाराष्ट्रात महावितरणने ‘जनमित्र’ असे नाव दिले. कर्नाटकात त्याला ‘पॉवरमॅन’ म्हणतात, गोव्यात तो ‘लाइनमन’ किंवा ‘लाइन हेल्पर’. कामाची रीत सगळीकडे एकच असायला हवी: आधी ‘लाइन क्लिअर’ घ्यायचे, स्विच उघडायचा, टेस्टरने तपासायचे, आणि जेथे काम करायचे तेथे दोन्ही बाजूंनी तारा एकत्र बांधून जमिनीशी जोडायच्या. ही शेवटची पायरी पाळली तर रिटर्न करंट आला तरी तो जमिनीत जातो आणि माणूस वाचतो. म्हणून जनित्रवाल्याकडे बोट दाखवून वीज कंपनीला हात झटकता येणार नाहीत. रात्री पावसात, लघुदाबाच्या तारेवर, खाली वीस माणसे ‘कधी येणार’ म्हणून उभी असताना ही पायरी गाळली जाणार नाही, याची हमी पुरेशी माणसे आणि हाताशी अर्थिंगचे सामान दिल्याशिवाय मिळत नाही. कंत्राटी पद्धतीने घेतलेल्या पोराच्या हाती नुसती पक्कड असेल तर नियमपुस्तिका त्याला वाचवत नाही. देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची संख्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत वर्षाला बारा हजारांच्या वर आहे. त्यातले किती उलट्या विजेचे, हे त्या तक्त्यांवरून सांगता येत नाही. तसा रकानाच त्यांत नाही.

कायद्याची स्थिती पाहण्याजोगी आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही ग्राहकाने जनित्र बसवताना पुरवठादाराला आणि विद्युत निरीक्षकाला तीस दिवस आधी कळवावे, आणि दहा किलोवॉटपेक्षा मोठे असल्यास निरीक्षकाची लेखी संमती घ्यावी, अशी तरतूद होती. सध्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम लागू आहेत. हे सारे भिंतीशी पक्क्या बसवलेल्या डिझेल संचाला, रुग्णालयाला, हॉटेलला, गिरणीला लागू पडते, कारण तेथे निरीक्षक जातो. दुकानातून रोखीने घेतलेले, मोटारसायकलच्या मागे बांधून आणलेले जनित्र कोणाच्याच वहीत नसते.

याउलट छपरावरच्या सौर पॅनेलचे पाहावे. त्याचा इन्व्हर्टर वाहिनीतली वीज जाताच आपोआप बंद झालाच पाहिजे, असा दंडक प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांपासून आहे. हेतू तोच, लाइनमनचा जीव. पॅनेलवाल्याला अनुदान आणि नेट मीटर हवा असतो म्हणून तो स्वतःहून कार्यालयाच्या दारात येतो, अर्ज भरतो, तपासणी करून घेतो. जनित्रवाल्याला सरकारकडून काहीच नको असते. म्हणजे एकाच धोक्याबद्दल एका नागरिकाला दहा प्रश्न विचारले जातात आणि दुसऱ्याला एकही नाही, आणि फरक धोक्याच्या आकारात नसून कागदाच्या वाटेत आहे. २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२२ मध्ये झालेली दुरुस्तीही याच धाटणीची. महानगरांत आणि मोठ्या शहरांत डिझेल जनित्रांची गरजच पडू नये असा अखंड पुरवठा व्हावा, असे ती सांगते. आळंदच्या शेतवस्तीला त्या वाक्यात जागा नाही.

गोव्याने हे दुरून पाहण्याचे कारण नाही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा ३३ केव्हीच्या वाहिन्या जागोजागी कोसळल्या, महाराष्ट्रातून येणाऱ्या २२० केव्हीच्या वाहिन्यांनाही फटका बसला, आणि अनेक गावे काही दिवस अंधारात होती. कोविडच्या त्या दिवसांत घरी ऑक्सिजन यंत्रावर माणूस असलेल्यांनी जनित्र मिळेल तेथून आणले असेल, तर त्यांना दोष कोण देईल? पण घराघरांत जनित्रे घरघरत असताना झाडे कापत, तारा जोडत फिरणाऱ्या वीज खात्याच्या माणसांसाठी ते दिवस काय होते, याचा विचार त्या वेळी झाला नाही आणि नंतरही फारसा नाही. भूमिगत केबलने पडणाऱ्या झाडांचा प्रश्न सुटतो. घरातून उलटी जाणारी वीज केबलमधूनही जाते.

उपाय अवघड नाही, महागही नाही. मीटर आणि घराच्या वायरिंगमध्ये चेंजओव्हर स्विच बसवायचा. त्याचा दांडा एका बाजूला असतो तेव्हा घर कंपनीला जोडलेले, दुसऱ्या बाजूला असतो तेव्हा जनित्राला, मध्ये असतो तेव्हा कोणालाच नाही. दोन्ही एकाच वेळी जोडली जाणे यंत्राच्या घडणीतच अशक्य असते. कोणाच्या आठवणीवर काही सोडलेले नसते. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे सिंगल फेजला दोन पोलचा आणि थ्री-फेजला चार पोलचा असावा. नुसती एक पोलची एमसीबी खाली केल्याने न्यूट्रल जोडलेलाच राहतो. घरगुती भाराच्या स्विचची किंमत जनित्राच्या किमतीपुढे किरकोळ आहे. परवानाधारक वायरमनची अर्ध्या दिवसाची मजुरी धरली तरीही. ज्याला तेही नको त्याने जनित्राच्या सॉकेटमधून जाड वायरने फ्रिज, दोन दिवे आणि पंखा थेट चालवावा, भिंतीतल्या सॉकेटला हात लावू नये. एक अश्वशक्तीचा पंप सुरू होताना चालत्या भाराच्या कित्येक पट वीज ओढतो. दोन केव्हीएच्या जनित्रावर तो घालण्याआधी विचार करावा.

धुराचा मुद्दा वेगळा, पण तो सोडून चालत नाही. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची फरशी गोव्यातील कित्येक घरांत पायाखाली आहे. तिकडे त्याच दगडाच्या भिंती असतात, आणि जुन्या माळवदी घरांना खिडक्या लहान. जनित्र चोरीला जाईल किंवा भिजेल म्हणून ते ओसरीत किंवा आतल्या खोलीत ठेवले जाते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतून उठत नाही, इतकेच. अमेरिकेत २०२० च्या लॉरा चक्रीवादळात लुइझियाना राज्यातल्या बळींमध्ये मोठा वाटा घरातल्या जनित्रांच्या धुराचा होता. जनित्र घरापासून वीस फूट दूर, खिडकी-दाराच्या विरुद्ध दिशेला तोंड करून, हे तेथील यंत्रणांचे सांगणे आहे.

कर्नाटकात काय, गोव्यात काय, नवी जोडणी देताना परवानाधारक कंत्राटदाराचा तपासणी अहवाल घेतला जातो. त्याच कागदावर ‘चेंजओव्हर स्विच आहे काय’ ही एक ओळ घालण्यास कायदा बदलावा लागत नाही. जुन्या जोडण्यांसाठी मीटर बदलण्याची वेळ ही संधी आहे. जुने मीटर उतरवून नवे चढवताना माणूस घरी येतोच, बोर्ड उघडतोच. जनित्र विकणाऱ्या दुकानाने स्विचही सोबत विकावा, असे बंधन घालता येईल, हेल्मेटविना दुचाकी विकू नये म्हणतात तसे. आणि आळंदसारख्या तालुक्यात ही सूचना कन्नडाबरोबर मराठीतही छापावी लागेल. अपघात झालाच तर जनित्राच्या मालकावर निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि भारतीय न्याय संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण ज्याने मृत तार म्हणून हात घातला, त्याच्या घरी तोवर निरोप पोहोचलेला असतो.