शालू, पदर आणि बांगड्यांचा आहेर

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे आणि त्यात इतिहासाबरोबर मतही आहे. प्रश्न असा : पुरुषाने प्रसंगविशेषी स्त्रीवेश धारण करावा, स्त्रीने पुरुषवेश धारण करावा, यास समाजाने उत्तेजन द्यावे काय?

माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र 'आपले पूर्वज किती उदार होते पाहा' या सध्या लोकप्रिय झालेल्या युक्तिवादावर हा होकार उभा करणे मला मान्य नाही. पूर्वजांनी उत्तेजन दिले, हे खरे. ते कोणत्या अटींवर दिले, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

आधी उत्तेजनाचा भाग. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा सीतेची भूमिका पुरुषानेच केली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला. पुढे त्या मंडळीचे वैभव वाढले ते भाऊराव कोल्हटकरांच्या स्त्रीभूमिकांमुळे. १९०५ मध्ये त्याच मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस दाखल झाले. पुढचा इतिहास आपण जाणता. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांनी महाराष्ट्राला केवळ गाणे दिले नाही. शालू कसा नेसावा, पदर कसा घ्यावा, दागिने कसे ल्यावेत, हे घरंदाज स्त्रिया एका पुरुषाकडे पाहून शिकल्या. जगाच्या रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका अनेक ठिकाणी केल्या, परंतु खऱ्या स्त्रियांनी वेशभूषेचा आदर्श म्हणून पुरुषाकडे पाहावे, ही गोष्ट विरळाच.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. यातील गंमत अशी की, धैर्यधर झालेले केशवराव स्वतः बालपणी 'शारदे'च्या भूमिकेने नावारूपास आले होते. म्हणजे त्या रात्री नायक आणि नायिका दोघांनीही आयुष्यात कधी ना कधी लुगडे नेसून टाळ्या घेतलेल्या होत्या, आणि त्या प्रयोगाचा पैसा स्वराज्याच्या निधीत जात होता. यात कोणालाही विसंगती वाटली नाही.

राजकारणाचा हा धागा आणखी मागे जातो. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कीचकात प्रेक्षकांना कर्झन दिसत होता आणि द्रौपदीत विटंबित हिंदभूमी. ती द्रौपदीही पुरुषच उभी करीत असे. वीर वामनराव जोश्यांच्या 'रणदुंदुभी'त तेजस्विनी होऊन पारतंत्र्याविरुद्ध गाणारे मास्टर दीनानाथ हे त्याच परंपरेतले. आणि १९३६ च्या 'संत तुकाराम' चित्रपटातील विष्णुपंत पागनीस? ज्यांच्या मुद्रेवरून आज अनेक घरांतील तुकोबांची कल्पना घडली आहे, तेही आरंभी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठीच प्रसिद्ध होते. 'हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे' असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे.

आता अटींकडे वळू.

पहिली अट उघड आहे. पुरुषाने पदर घ्यायचा, तो स्त्रीला रंगमंचावर येऊ न देण्यासाठी. कुलीन स्त्रीने नाटकात काम करणे अब्रूस बाधक, आणि गाणारी-नाचणारी कलावंतीण अब्रूदार मंडळींना नको. मग उरला पुरुष. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या 'लंकादहना'त तर राम आणि सीता दोन्ही तेच. फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुरा'त दुर्गाबाई कामत व कमलाबाई यांना आणले खरे, परंतु मराठी नाटकात स्त्रीने स्त्रीची भूमिका करणे प्रतिष्ठित झाले, ते १ जुलै १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'पासून, असे म्हणावयास हरकत नाही. सीतास्वयंवरापासून मोजल्यास नव्वद वर्षे झाली. बालगंधर्वांच्या अलौकिकतेविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण त्या काळाला स्त्री-पुरुष समतेचा सुवर्णकाळ म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास आहे.

(केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही निघाल्या होत्या, आणि तेथे पुरुषपात्रे स्त्रियाच करीत. त्यांचे स्मरण किती जणांना आहे? एकाही गावात त्यांच्या नावाचे नाट्यगृह माझ्या पाहण्यात नाही.)

दुसरी अट अधिक बोचरी आहे. तीच कृती, तेच वस्त्र, आणि तरी दोन निराळे निवाडे. संगीत नाटकात पुरुषाने स्त्रीवेश घेतला तर तो गंधर्व. तमाशाच्या फडात घेतला तर तो नाच्या. एकाला मखमली पडदा, अत्तर आणि राजाश्रय. दुसऱ्याला शिट्टी, टवाळी आणि गावाबाहेरचा तळ. कलेच्या प्रतीत फरक असेल, नाही असे नाही. परंतु हा फरक प्रामुख्याने जातीचा आणि प्रेक्षागृहाचा होता. गणपत पाटलांनी मराठी चित्रपटांत नाच्याची भूमिका इतकी अस्सल वठवली की, प्रपंच असलेल्या त्या गृहस्थाच्या पुरुषत्वावर लोक उघड शंका घेऊ लागले आणि त्याचा त्रास घरच्यांना भोगावा लागला. बालगंधर्वांच्या वाट्यास असा प्रश्न याच निष्ठुरतेने आला नाही. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा कागलकर तालमीत घुमलेला गडी आहे. फडाला नाच्या मिळत नाही म्हणून तो उभा राहतो आणि पुढे सारे आयुष्य त्याची किंमत मोजतो. ती कादंबरी मी प्रत्येक इतिहासप्रेमी तरुणाने वाचावी असे म्हणेन. एका भूमिकेबद्दल समाज कलावंतास जन्मभर कशी शिक्षा करतो, हे तिच्याइतके स्पष्ट अन्यत्र वाचावयास मिळत नाही.

तिसरी अट : तिकिटाच्या आत चालेल, रस्त्यावर नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग फारसा कोणी वाचत नाही. उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या त्या भागानुसार, तृतीयपंथी समाजातील ज्यांची नावे सरकारी नोंदवहीत चढली, त्यांनी सार्वजनिक ठिकाणी स्त्रीचा वेश वा अलंकार धारण केल्यास वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. सार्वजनिक ठिकाणी नाचणे-वाजवणेही त्यात आले. म्हणजे पुण्यात पुरुष-शकुंतलेवर टाळ्या पडू लागण्याच्या नऊच वर्षे आधी याच साम्राज्यात लुगडे नेसणे हा तुरुंगाचा मार्ग झालेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात वेशभूषा ही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानली, त्यास अजून पुरती पंधरा वर्षेही झाली नाहीत.

आणि मग आपल्या अगदी परिचयाची गोष्ट : बांगड्यांचा आहेर. एखादा अधिकारी निष्क्रिय ठरला की आंदोलक त्याच्या मेजावर हिरव्या बांगड्या आणि चोळीचा खण ठेवतात. सर्व पक्षांना हा प्रकार प्रिय आहे. आंदोलनात स्त्रियाही असतात, आणि बहुधा त्यांच्याच हस्ते हा आहेर दिला जातो, ही याची आणखी एक शोकांतिका. अर्थ स्वच्छ आहे : स्त्रीचा वेश म्हणजे नामुष्की. मुलीने विजार-सदरा घातला की 'अगदी मुलासारखी कर्तबगार'. मुलाने ओढणी घेतली की हसे. तिचे ते चढणे, याचे हे घसरणे. वस्त्राला वजन नाही; ज्या शरीराचे ते मानले जाते, त्याची समाजाने ठरवलेली किंमत वस्त्राला चिकटते. माझ्या होकाराचे खरे कारण इथे आहे. मुलाला लुगडे नेसण्यात अपमान वाटेनासा झाला, तर बांगड्यांच्या आहेराला अर्थच उरणार नाही.

एक आक्षेप गंभीर आहे. 'ती भूमिका होती, हौस नव्हती. नट पोटासाठी वेश घेई, त्याचा आधार घेऊन हौसेस मान्यता कशी देता?' उत्तर असे की, आपल्या परंपरेत केवळ पोटापुरते काही नव्हते. कोकणातील नमन-खेळ्यांतल्या गौळणी, दशावतारातल्या राण्या, एकनाथांच्या भारुडांतली स्त्रीरूपे : हे करणारे पुरुष अनेकदा इतर दिवशी शेतकरी वा कारागीर असत आणि आजही असतात. त्यांत भक्ती आहे, नवस आहे, आणि निखळ हौसही आहे. केरळात कोल्लम जिल्ह्यातील कोट्टनकुळंगरा देवीच्या उत्सवात शेकडो पुरुष साडी नेसून दीप घेऊन निघतात आणि घरच्या स्त्रिया त्यांना सजवतात. 'प्रसंग' ही सोय समाजाने स्वतःच निर्माण केलेली आहे. ती वाढवावी, एवढेच माझे म्हणणे.

पण उत्तेजन कशाला नव्हे, हेही सांगितले पाहिजे. दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांत दाढीमिशांच्या पुरुषाला साडी गुंडाळून, जाडा आवाज चिरका करून जो हशा मिळवला जातो, तो या परंपरेचा वारसा नाही. बालगंधर्वांना पाहून प्रेक्षक हसत नसत. तसेच महाविद्यालयांत एखाद्या हळव्या मुलाला 'दिवस साजरा' करण्याच्या निमित्ताने बळेच साडी नेसवणे, ही बांगड्यांच्या आहेराचीच धाकटी आवृत्ती होय. ज्याला नेसायची आहे त्याला मोकळीक, ज्याला नको त्याच्यावर सक्ती नाही, आणि दोघांनाही दुसऱ्या दिवशी वर्गात टोपणनाव नाही.

डिसेंबर आला की शाळाशाळांत स्नेहसंमेलनांच्या तालमी सुरू होतील. पात्रवाटप करणाऱ्या शिक्षकांना, आणि त्या समितीत असलेल्या तुमच्यापैकी अनेकांना, एवढेच सुचवावेसे वाटते : जिजाऊंच्या भूमिकेसाठी मुलांचीही चाचणी घ्या, शिवरायांच्या भूमिकेसाठी मुलींचीही. ज्याचा आवाज आणि उभे राहणे पात्राला शोभेल, त्याला भूमिका द्या. एखादा पालक तक्रार घेऊन आलाच, तर १९२१ सालच्या त्या जुलैमधील रात्रीची हकीकत त्यांना सावकाश सांगा.